माझ्या पगाराचं एटीएम कार्ड संस्थेच्या कपाटात आहे, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: मुलीच्या आरटीई प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला न मिळाल्याबाबत (आणि इतर बाबी)

महोदय,

सविनय निवेदन करतो की, मी नागपुरातल्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत जून 2018 पासून गणित आणि विज्ञान शिकवतो. बीएस्सी, बीएड. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी तीनदा दिली. वय 37. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात लिहीन असं ठरवून बसलो होतो. जमेल असं वाटत नाही.

मुलगी यंदा पहिलीत जाईल. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांत अर्ज भरायचा तर आमच्या गटाला वार्षिक उत्पन्नाची अट 1 लाखाची. मी घरी महिन्याला 8 हजार नेतो, म्हणजे वर्षाचे 96 हजार. गरिबीत बसतोय याचा आनंद होणारा मी पहिलाच बाप नसेन. मागच्या मंगळवारी सेतू केंद्रात गेलो. खिडकीतल्या मुलीनं बँकेचं स्टेटमेंट मागितलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या खात्यात तर दर महिन्याला चोवीस हजार जमा होऊन राहिले."

होऊन राहिले, खरंच आहे. 7 तारखेला 24 हजार जमा होतात आणि 8 तारखेला त्यातले 16 हजार शाळेजवळच्या एटीएममधून निघतात. काढतो संस्थेचा बाबू. माझं कार्ड त्याच्याकडे असतं. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात बिस्किटाचा एक जुना डबा आहे, त्यात आम्हा बारा शिक्षकांची बारा कार्डं रबरबँड लावून ठेवलेली. प्रत्येकावर सेलोटेपनं चिकटवलेली पिन नंबरची चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर निळ्या शाईत 'गणित सर' लिहिलंय. उद्या अनुदानाची तपासणी आली तर कागद चोख दिसला पाहिजे, त्यासाठी ही सगळी तजवीज.

तर बँकेत मी 2 लाख 88 हजारांचा धनी आणि घरात 96 हजारांचा. दाखला बँकेतल्या माणसाला मिळत नाही. घरातल्या माणसाला कोण विचारतो?

साहेब, खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आहे, माझ्याहून वयानं मोठा. पगार, रजा, बडतर्फी, सगळं त्यात लिहिलंय. आमच्या शाळेत तपासणी होते. येणारे साहेब हजेरीपट बघतात, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजतात (मागच्या वेळी दोन कमी भरल्या, त्याचा शेरा बसला), चहा घेतात, जातात. इतक्या वर्षांत एकानंही आम्हाला बाजूला घेऊन "हातात किती पडतात हो?" एवढं विचारलं नाही. परीक्षानळीची जेवढी चौकशी होते तेवढी आमची झाली तरी चालेल, अशी माझी पहिली मागणी समजा.

तुम्ही म्हणाल, पटत नाही तर दुसरीकडे बघा. बघतोच आहे. मी बीएड होऊन बाहेर पडलो ते 2012 साल. त्याच वर्षी 2 मे रोजी सरकारनं शिक्षकभरती बंद केली. मुहूर्त बघा. मग 2013 ला टीईटी आली, ती दिली. 2017 च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी आली, तीही दिली. पुढची चाचणी थेट 2023 ला, म्हणजे मधल्या पाच वर्षांत आमची अभियोग्यता तशीच पडून राहिली. तिसरी 2025 ला. दर वेळी दोन लाखांच्या आसपास पोरं बसतात आणि दर वेळी भरतीचं तेच पवित्र पोर्टल. नाव ठेवणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. ज्या राज्यात टीईटीचेच निकाल पैसे घेऊन फिरवले गेले आणि 7,800 च्या वर उमेदवार बाद करावे लागले, तिथं पोर्टलला तरी पवित्र म्हणायला हवंच.

याच पोर्टलवरून मला एका अनुदानित संस्थेचा कॉल आला होता. मुलाखतीला 30 गुण. पाठ घ्यायला सांगतील म्हणून पायथागोरसचे कागदी त्रिकोण कापून नेले होते. पिशवीतून काढायची वेळच आली नाही. खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकून बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, गाव कोणतं? म्हटलं, काटोलकडचं. शेती किती? दोन एकर. मग जरा पुढे वाकून, "संत्रा आहे की कोरडवाहू?"

एवढीच मुलाखत. कोरडवाहू म्हणालो आणि मला माझे 30 पैकी गुण तिथंच कळले.

लागलो असतो तरी काय, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन. ही योजना 2000 सालची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कैक वर्षं 6 हजार दिले, मग 2023 पासून 16 हजार आणि माध्यमिकला 18. त्याच वर्षी जुलैमध्ये तुमच्या खात्यानं रिकाम्या जागांवर निवृत्त गुरुजींना बोलावलं 20 हजारांवर. पेन्शन वेगळी. म्हणजे नोकरी संपलेल्याला 20 आणि सुरू होणाऱ्याला 16! माझा विषय गणित आहे, पण हे मला फळ्यावर सोडवता येत नाही.

आणि 2025 च्या एप्रिलमध्ये आमच्या नागपुरातच शालार्थचं, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचं, प्रकरण फुटलं. 500 हून अधिक बोगस आयडी, सरकारी तिजोरीतून पगार, शिक्षण उपसंचालकांना अटक. ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली. कुणी काही बोललं नाही. आमचे चित्रकला सर तेवढे म्हणाले, "आपण रांगेत उभं राहूनच चुकलो बाप्पा."

संघटनांबद्दल बोललो तर आपलेच दात आपलेच ओठ. पण बोलतो. एका संघटनेच्या पुढाऱ्याकडे गेलो, कार्डाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "आधी खात्याचं अॅप्रूव्हल तर आण बाबू, मग सभासदाची पावती फाडू तुझी." 2023 च्या मार्चमध्ये संप झाला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्यांनी रस्ते पांढरे झाले. त्यांची मागणी रास्तच आहे. एक टर्म आमदार राहिलं की 50 हजार पेन्शन, आणि नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या मास्तरांना नाही, हा कुठला न्याय? पण त्या आठवड्यात आमची शाळा सुरू होती. आम्ही संप करायचा तो कशावर? जुनी सोडा, आम्हाला नवी पेन्शनही नाही. डिसेंबरात अधिवेशन आलं की मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या कॉटेजांना रंग लागतो आणि मोर्चे अडवायला टेकडी रोडवर बॅरिकेड. मी मोर्चाला दोन-तीनदा जाऊन आलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. रजेचे 150 रुपये कापले, ते मात्र आठ हजारांतून. चोवीसमधून नाही.

हो, एका दिवशी मी पुरा शिक्षक होतो. 30 जानेवारी 2023. नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक. तीन वर्षं शिकवल्याचं प्रमाणपत्र संस्थेनं न मागता दिलं, फॉर्म भरून दिला, मत कुणाला द्यायचं तेही सांगितलं. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत म्हणतात. त्यातल्या एकाला माझंही मत मोजलं गेलंय. बिस्किटाच्या डब्याबद्दल सभागृहात कुणी काही बोललं असेल तर माझ्या कानावर नाही.

परवा मी बाबूकडे कार्ड मागितलं. तो हसला. हेडसरांना भेटलो, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, सोमवारपासून नाही आले तरी चालेल. नववी 'ब' ला बहुपदीचा धडा अर्धा राहिलाय. पोरं विचारत होती, "सर, तुम्ही कुठं जाऊन राहिले?"

कुठं नाही, बँकेत गेलो. कार्ड ब्लॉक केलं, नव्याचा अर्ज दिला. आज 8 तारीख. 24 हजार रुपये अजून माझ्या खात्यात आहेत, आणि हे पत्र लिहीपर्यंत संस्थेचे चार फोन येऊन गेलेत. उत्पन्नाचा दाखला आता मला कोणत्या आकड्याचा मागायचा, तेवढं कळवावं.

आपला,
गणित सर
नागपूर