बी खाणारे आणि रोप खाणारे

महोदय,

बी खाणारा प्राणी म्हणजे वनाचा शत्रू, असा सरसकट समज आढळतो. स्कॉटलंडमधील मूळच्या सूचिपर्णी वृक्षांकडे पाहिल्यास तो टिकत नाही. तेथे असे वृक्ष तीनच आहेत: स्कॉट्स पाइन, ज्युनिपर आणि यू. पाइनचे शंकू तांबड्या खारी कुरतडतात आणि क्रॉसबिल पक्षी आपल्या तिरक्या चोचीने त्यांचे खवले उचकटतात. तरीही भरघोस बहराच्या वर्षी खाऊन उरलेले पंखधारी बी वाऱ्यावर दूर जाते आणि खारींनी पुरलेले काही बी विसरलेही जाते. यूचे बी विषारी, पण त्याभोवतीच्या लाल गरासाठी कस्तूर कुळातील पक्षी ते गिळतात व विष्ठेवाटे अन्यत्र पोहोचवतात.

ज्युनिपरची स्थिती मात्र चिंताजनक आहे. त्याच्या फळांना पिकण्यास दोन-तीन वर्षे लागतात, अनेक ठिकाणची झुडपे आता वृद्ध झाली आहेत, आणि जे थोडे बी धरते त्यावर उंदीर ताव मारतात. त्यातूनही रुजलेले रोप मेंढ्या, ससे किंवा हरणे खातात. लांडगे नामशेष झाल्यापासून हरणांना तेथे नैसर्गिक शत्रू उरलेला नाही. माझ्या मते खरा प्रश्न या चराईचा आहे. कुंपण घालणे सोपे वाटते, परंतु त्याच वनातील कॅपरकेली हा मोठा, दुर्मीळ पक्षी तारांवर आदळून मरतो. त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यावरच भर द्यावा लागेल.

– एक वाचक, पुणे