कोरे कागद घेऊन ये

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझ्या ऑडिटच्या नोट्सचा फोटो पाहिला. मोत्यासारखं अक्षर, चार रंगांचे हायलायटर आणि दोनशे पानं! अरे, या नोट्स नाहीत, तू सीए इन्स्टिट्यूटचं मटेरियल हाताने पुन्हा छापलंयस.

हसू नकोस, पहिल्या अटेम्प्टला मीही हेच केलं होतं. सीए फायनलचा पेपर पाच वाजता सुटतो, मध्ये बहुधा एकच दिवस आणि लगेच पुढच्या दुपारी दोनला पुढचा पेपर. त्या एका दिवसात माझी निम्मी वहीसुद्धा उलटून झाली नाही. ऑडिटला ३७. पासिंग ४०, त्यामुळे बाकीचे दोन पेपर निघूनही तीन पेपरांचा आख्खा ग्रुप गेला. म्हणून सांगतो, वही किती जाड हवी ते आधी त्या एका दिवसाला विचार.

आता मी वाचताना काहीच लिहीत नाही. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं उतरवायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. एसए ५७० घे, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का (गोइंग कन्सर्न) हे ऑडिटरने कसं तपासायचं ते सांगणारं स्टँडर्ड. तोट्यात चाललेली कंपनी, थकलेली कर्जं, ही लक्षणं मला झोपेतही आठवायची. पण गोइंग कन्सर्नबद्दल मोठी अनिश्चितता आहे आणि कंपनीने ती नीट उघड केली आहे, तर ऑडिटरचं ओपिनियन बदलत नाही, फक्त रिपोर्टमध्ये वेगळा परिच्छेद येतो. उघड केली नसेल तर ओपिनियन क्वालिफाइड (ही बाब सोडून हिशोब बरोबर) किंवा अ‍ॅडव्हर्स (हिशोबच बरोबर नाहीत), हे तीनदा लालमध्ये आलं. उजळणी त्या लालचीच. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने, आणि तीही आधी न बघता.

२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता लिहून काढणारे. आपण फसतो ते त्या पाच मिनिटांना. रात्री वही चाळली की सगळं ओळखीचं वाटतं, छान झोप लागते!

टॅक्सच्या नोट्सवर मात्र फार जीव लावू नकोस. बजेटमधले करबदल लागू करणारा फायनान्स अ‍ॅक्ट आला की पानं बदलतात, सुट्या कागदांवर लिही.

पुढच्या रविवारी ये. वही घरीच ठेव, कोरे कागद आण. एसए ५७० तुझ्या तोंडून ऐकेन, मग आईच्या हातचं थालीपीठ.

तुझा,
बंड्या