स्कॉटिश कलाकारांच्या यादीत एकही बाई नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्कॉटिश कलाकारांवरचा लेख वाचला. विषय बघूनच बरं वाटलं, कारण आपल्याकडे या मंडळींना सरसकट इंग्लिश म्हणून मोकळे होतात. शॉन कॉनरी, यूअन मॅग्रेगर, जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय, ब्रायन कॉक्स, जेरार्ड बटलर सगळे आले, रॉबी कोल्ट्रेनचा हॅरी पॉटरमधला हॅग्रिड पण आला. पण अख्ख्या पानावर एक बाई नाही! दोनदा वाचला, म्हटलं चौकटीत कुठेतरी असेल, तर चौकटीत पण बाँडच.

डेबोरा कार कशी काय राहिली हो? १९२१ साली ग्लासगोमध्ये जन्मलेली ही बाई, प्रमुख अभिनेत्री म्हणून सहा वेळा ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, एकदाही बक्षीस नाही, शेवटी १९९४ मध्ये मानद ऑस्कर दिलं. लोकांना ती आठवते 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'मधल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सीनमुळे नाहीतर 'द किंग अँड आय'मुळे. माझ्या मते तिचं सगळ्यात भारी काम १९४७ च्या 'ब्लॅक नार्सिसस'मध्ये आहे. गोष्ट आपल्या हिमालयातली, दार्जिलिंगच्या बाजूची, डोंगरकड्यावरच्या जुन्या राजवाड्यात काही नन्स शाळा आणि दवाखाना काढायला येतात आणि तिथला वारा, उंची, एकटेपणा याने एकेकीचं मन हलायला लागतं. शूटिंग मात्र इंग्लंडमध्ये, पाइनवूड स्टुडिओत, त्या खोल दऱ्या चक्क काचेवर रंगवलेल्या, तरी बघताना पाय लटपटतात. म्हैसूरचा नट साबू पण आहे यात. जीन सिमन्सला रंग फासून भारतीय मुलगी केलंय ते आज खटकतंच, ते खटकायलाच हवं.

पण त्यातला तो रात्रीचा सीन बघा. त्या नन्सपैकी एक, सिस्टर रूथ, हिने नन्सचा संघ सोडलाय, लाल ड्रेस घालून खोलीत बसलीय आणि समोर बसलेल्या सिस्टर क्लोडाकडे, म्हणजे डेबोरा कारकडे, बघत बघत सावकाश लिपस्टिक लावतेय. क्लोडा काय करते, तर बायबल उघडून बसते. मधे मेणबत्ती. कारचे केस झाकलेले, कपाळ झाकलेलं, अभिनय करायला चेहऱ्याचा एवढासा तुकडा उरलेला, आणि त्यात भीती पण दिसते, राग पण दिसतो आणि मी इथली प्रमुख आहे तेव्हा मी इथून उठणार नाही हा हट्ट पण दिसतो. याच बाईला आपण आधी फ्लॅशबॅकमध्ये आयर्लंडमध्ये मोकळ्या केसांनी, प्रेमात पडलेली पाहिलेलं असतं, त्यामुळे रूथच्या जागी ती स्वतः पण असू शकली असती हे तिला कळतंय, हे आपल्याला न सांगता कळतं.

दुसरी केली मॅक्डोनाल्ड. ग्लासगोचीच, बारमध्ये काम करत होती, ओपन ऑडिशनचं पत्रक बघून गेली आणि पहिलाच पिक्चर 'ट्रेनस्पॉटिंग', १९९६. तुमच्या लेखात त्या पिक्चरवर एवढं लिहिलंय, पण तिचं नाव नाही. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मध्ये तर ती अस्सल टेक्सासची वाटते, उच्चारावरून कुणी ओळखणार नाही. आईच्या अंत्यसंस्कारावरून ती घरी येते, तर खोलीत हाव्हिएर बार्देमचा तो खुनी बसलेला. तो नाणं काढतो, म्हणतो छापा की काटा सांग, त्यावर तिचं जगणं-मरणं. मूळ कादंबरीत ती शेवटी सांगते. पिक्चरमध्ये ती नाहीच म्हणते, नाणं काही ठरवत नाही, ठरवणारा तूच आहेस असं तोंडावर सांगते. रडत नाही, ओरडत नाही, खूप दमलेली आहे आणि तरी त्याला सुटका देत नाही. अख्ख्या सिनेमात त्या माणसाला असं उत्तर दुसरं कुणी दिलेलं नाही. मोजून थोडे सीन आहेत तिला, पण तो सीन मनातून जात नाही.

आणि शर्ली हेंडरसन! हॅरी पॉटरमधली बाथरूममध्ये रडणारी मर्टल, शाळकरी मुलीचं भूत, ते काम करताना ही बाई पस्तिशी ओलांडलेली होती. मुलांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. इन्व्हर्नेसची कॅरन गिलन पण आहे, मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांतल्या निळ्या नेब्युलासाठी तिने डोक्यावरचे केस काढले होते, तरुण वाचकांना तिचं नाव लगेच ओळखीचं वाटलं असतं.

कॉनरीबद्दल पण एक. बाँडच्या पलीकडे त्याचं काम बघायचं तर दिग्दर्शक सिडनी लुमेटचा 'द ऑफेन्स' (१९७३) बघायला हवा. पुन्हा बाँड करायला तयार झाला म्हणून त्याला हा पिक्चर करता आला. यात तो संशयिताला मारहाण करणारा, वर्षानुवर्षं गुन्हे बघून आतून सडलेला पोलीस आहे, आणि घरी बायकोशी बोलतानाचा जो लांबच लांब सीन आहे तिथे बाँडचा रुबाब औषधाला पण सापडत नाही. यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.

लेखाचा दुसरा भाग काढाच, ही मनापासून विनंती. डेबोरा कारला अर्धं पान द्या आणि फोटो समुद्रकिनाऱ्याचा नको, 'ब्लॅक नार्सिसस'चा छापा, रंगीत.

आपली,
एक नियमित वाचक