जुन्या पेनांना पॉलिशची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मौल्यवान धातूंच्या जुन्या फाउंटन पेनांचा संग्रह करू लागलेल्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की काळवंडलेले चांदीचे पेन हाती येताच ते पॉलिश करायला देऊ नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक पेनांत मूळ नळी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असून तिच्यावर चांदीचे किंवा सोन्याचे नक्षीदार कवच चढवलेले असते. वारंवार घासल्याने नक्षीच्या कडा बोथट होतात आणि शुद्धता दर्शवणारे ‘९२५’सारखे छाप पुसट होऊन पेनाची ओळखच धोक्यात येते. एबोनाइटमध्ये गंधक असल्यामुळे चांदी पुन्हा काळी पडतेच, हा भाग वेगळा!

सोन्याबाबत खबरदारी निराळी. निबवरचा ‘१४ कॅरेट’ हा छाप निबपुरताच असतो, तर ‘रोल्ड गोल्ड’ म्हणजे साध्या धातूवर बसवलेला सोन्याचा पातळ थर. काही विक्रेते ही गल्लत सोयीस्करपणे होऊ देतात.

१७१५ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांवरील चांदीपासून पार्कर कंपनीने १९६५ मध्ये काढलेल्या ‘पार्कर ७५’चे मोल धातूच्या वजनावरून ठरत नाही, त्यामुळे अशा पेनासोबतची मूळ पेटी आणि कागदपत्रे पेनाइतकीच जपावीत.

आपला,
एक पेनसंग्राहक वाचक