लग्नाला वेळेत पोहोचवणाऱ्या मेकॅनिक काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

लग्न ठरल्या वेळी लागतं. सायकलवाले मागे पंक्चर काढत बसलेत म्हणून कोणी खोळंबत नाही. एरवी लांबच्या सायकल सफरीत काही बिघडलं तर मुक्काम एका दिवसाने पुढे ढकलता येतो. पण निम्मं घर गाडीत, निम्मं सायकलवर आणि शेवटच्या थांब्यावर लग्न, अशी सहल असली की ही सवलत राहत नाही. तुम्ही हे पहिल्या भेटीतच हेरलंत आणि तयारीचा क्रमच बदलून टाकलात. जे मोडायचं असेल ते घराजवळ मोडू दे, आणि तेही तीन आठवडे आधी, असं तुमचं म्हणणं. त्याबद्दलचे हे आभार जाहीरपणे लिहितो आहोत, कारण वसंत आला की आमच्यासारखी बरीच मंडळी अशाच बेतात असतात. तुमचं सांगणं त्यांच्याही हाती पडलेलं बरं.

सर्वांत आधी तुमच्या नकाराबद्दल आभार. निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत एकही नवा भाग बसवून मिळणार नाही, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. तेव्हा तो हट्ट वाटला होता. पण त्यामागचा हिशोब साधा आहे. नवी गिअर केबल पहिल्या काही फेऱ्यांत बसते, सैलावते आणि गिअर घसरायला लागतात. मग बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण जुळवायची छोटी फिरकी, पाव-अर्धा फेरा फिरवून पुन्हा जुळवणी करावी लागते. डिस्क ब्रेकचे नवे पॅड पंधरा-वीस वेळा वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत नीट दाबून मुरवले नाहीत, तर ब्रेक धरत नाहीत आणि किंचाळतात. नव्या सीटवर शरीर रुळायला आठवडे जातात. सीटची उंची बदलायची तर एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, कारण सेंटिमीटरभर फरक केला की दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो. थोडक्यात, आदल्या आठवड्यात ‘सर्व्हिसिंग करून’ आणलेली सायकल ही न तपासलेलीच सायकल असते.

चेन मोजायला तुम्ही शिकवलंत, ते तर प्रत्येकाने शिकावं. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बारा पूर्ण जोड्या मोजल्या की नवी चेन बरोबर १२ इंच भरते. तीच एक सोळांश इंचाने जास्त भरली तर झीज अर्ध्या टक्क्याच्या घरात गेली, आणि ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) तेवढ्यावरच चेन बदलावी. १० किंवा त्याहून कमी गिअरना पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. एक अष्टमांश इंच, म्हणजे एक टक्का, झिजेपर्यंत ओढलेली चेन कॅसेटचे दातही सोबत घेऊन जाते. मग नुसती नवी चेन टाकली तर चढावर जोर लावताच ती दातांवरून उडते. अशी चेन चढावर उडली तर माणूस हँडलवर आपटतो. म्हणून इतकी झीज झाली असेल तर चेन आणि कॅसेट दोन्ही बदला किंवा दोन्ही राहू द्या, हे तुमचं वाक्य आता आमच्यातलं कोणीही विसरत नाही.

थंडीभर भिंतीला टेकून राहिलेल्या सायकलींना वसंतात एक खास रोग असतो, तोही तुम्हीच दाखवलात. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारा द्रव, दोन ते सहा महिन्यांत वाळतं. टायर हवा धरून ठेवतो, त्यामुळे सगळं ठीक दिसतं, पण पहिला काटा लागला की आत भोक बुजवायला काहीच नसतं. व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघायची. ओली निघाली नाही तर टायरच्या रुंदीप्रमाणे ३० ते ६० मिलिलिटर नवं सीलंट भरायचं. टायरच्या बाजूंना बारीक तडे गेले असतील तर सीलंटने भागत नाही, टायरच बदलायचा.

हवेबद्दलचा आमचा गैरसमज तुम्ही दूर केलात, तोही इथे नोंदवतो. वसंतातल्या सकाळी थंडी आणि दुपारी कडक ऊन, मग दुपारी टायर फुटेल म्हणून हवा कमी करायची, असं पुष्कळ जण करतात. पण ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं तर दाब फार तर तीनेक पीएसआयने वाढतो. त्यासाठी हवा सोडायची गरज नाही. खरी काळजी उलट्या बाजूची. गाडीच्या टायरची हवा प्रवास सुरू व्हायच्या आधी, टायर थंड असतानाच तपासायची आणि पूर्ण भारासाठी दारावरच्या पट्टीवर दिलेला आकडा धरायचा. सात माणसं, सामान आणि सायकली भरून रिकाम्या गाडीच्या हवेवर निघणं हा धोका बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सायकलमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने हवा भरली असेल, तर तो वायू ट्यूबच्या ब्यूटाइल रबरातून साध्या हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने झिरपतो. म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर तो सोडून पंपाने हवा भरायची. नाहीतर सकाळी चाक बसलेलं दिसतं आणि नसलेलं पंक्चर शोधण्यात तासभर जातो.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. सायकलीचं सर्वांत जास्त नुकसान रस्त्यावर होत नाही, ते गाडीत चढवताना आणि उतरवताना होतं. आम्हाला हे कोणीही सांगितलं नव्हतं. गाडीत सायकल आडवी ठेवली आणि चेनची बाजू खाली गेली, की मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, हँगर हलकासा वाकतो. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो मोडावा. वाकलेला हँगर डोळ्यांना दिसत नाही. सपाटीवर गिअर जरा कुरकुरतात, आणि चढावर सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांत घुसतो. चाक, डिरेलर आणि सहल, तिन्ही तिथेच संपतात. म्हणून चेनची बाजू नेहमी वर. सायकल अख्खी आडवी घालायची असेल तर गिअर मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवायचा, म्हणजे डिरेलर आत सरकलेला राहतो. मागचं चाक काढायचं असेल तेव्हा मात्र सर्वांत लहान चकतीवर. शिवाय हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात तो मिळेल या भरवशावर राहू नये. तुम्ही प्रत्येक सायकलीच्या सीटखालच्या पिशवीत तिचाच एक जादा हँगर घालून दिलात. वजन काही ग्रॅम, पण आख्ख्या यादीत त्याला तोड नाही.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं चाक काढलं की पॅडच्या मधे ठोकळा सरकवायचा. पॅडसोबत येणारा पिवळा किंवा लाल प्लास्टिकचा तुकडा लोक कचऱ्यात टाकतात, तो याचसाठी असतो. गाडीत एखाद्या मुलाने गंमत म्हणून ब्रेक दाबला की पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात, आणि मग चाक परत बसतच नाही. ठोकळा नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडीही चालते. पिस्टन बाहेर आलेच तर टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरने हळूहळू मागे ढकलायचे. स्क्रूड्रायव्हर घातला तर पॅडला टवका उडतो. डिस्कला बोटं लावायची नाहीत, आणि लग्नाच्या कपड्यांची बॅग चाकांना टेकवायची नाही. दोन्हींचं नुकसान होतं: कपड्यांना काळं लागतं आणि कपड्यांवरचा अत्तराचा किंवा तेलाचा अंश डिस्कवर गेला की ब्रेक घसरतो. चेन जुन्या कापडात गुंडाळायची, तेलाची बाटली दोन पिशव्यांत आणि उभी. कपडे सर्वांत शेवटी आणि सर्वांत वर.

टपावरच्या रॅकची बेरीज तुम्ही कागदावर करून दाखवलीत. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावरच्या भाराची मर्यादा दिलेली असते, आणि तिच्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. चार सायकली प्रत्येकी १२ किलोच्या म्हणजे ४८, रॅक १५ किलोचा म्हणजे ६३. पुष्कळ गाड्यांची मर्यादा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असते, तेव्हा चौथी सायकल बसणार की नाही हे पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाही. पिशव्या, बाटल्या, पंप, दिवे आधी काढून घ्यायचे. वाऱ्याने तेच उडतात. कार्बनच्या फ्रेमला नळीवर चिमटा लावायचा नाही, चाक धरणारा रॅक घ्यायचा. पट्टे निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पुन्हा आवळायचे, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी सगळं थोडं सैल पडतंच. मागच्या रॅकवर टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, तेही बघायचं. गरम धुराने रबर मऊ पडतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.

आणि स्टिअरिंगसमोर चिकटवलेली ती चिठ्ठी! गाडी दीड मीटर, वर उभी सायकल मीटरभराहून जास्त, म्हणजे एकूण उंची साधारण २.६ ते २.७ मीटर. लग्नस्थळांचं पार्किंग बऱ्याचदा तळघरात, आणि तिथली कमान दोन मीटरच्या आसपास. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला टपावर काय आहे याचा सपशेल विसर पडतो. नेमकी उंची मोजून ठळक अक्षरांत समोर लावणं याला पैसा लागत नाही.

वेळेचं गणित मात्र तुम्ही जरा कठोरच मांडलंत. चालता वेग ताशी २० असला तरी तासाला दहा मिनिटं थांब्यात जातात, म्हणजे प्रत्यक्षात ताशी १७. तेव्हा १२० किलोमीटरला सात तास लागणारच, आणि समोरून वारा असला तर त्याहून जास्त. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांच्या, मर्यादा उगाच तशा ठरलेल्या नाहीत: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे सगळे थांबे धरून सरासरी ताशी १५ च्या आसपास, आणि ज्यांना सवय आहे अशा लोकांनाही ती पाळताना दमछाक होते. लग्नाला निघालेल्या घरच्या मंडळींनी याहून मोठी स्वप्नं बघू नयेत. शेवटचा टप्पा सर्वांत छोटा, पन्नास-साठ किलोमीटरचा, आणि पोहोचायचं लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत. दुपारी दोनपर्यंत त्या दिवसाचं साठ टक्के अंतर झालं नसेल तर सायकली गाडीवर चढतील, हा निर्णय निघण्याआधीच सर्वांसमोर घ्यायचा. रस्त्यात तो घ्यायला गेलं की भांडण होतं. हे तुम्हाला मेकॅनिक असून कसं ठाऊक, याचा आम्ही अजून विचार करतो.

सोबतची गाडी सायकलींच्या मागे मागे रांगवायची नाही, हाही तुमचाच सल्ला. ताशी वीसच्या वेगाने सरकणारी गाडी मागून येणाऱ्यांना अडवते, ते घाईने ओव्हरटेक करतात आणि नेमके सायकलींच्या अंगावर येतात. गाडीने २५ ते ३० किलोमीटर पुढे जाऊन रस्त्याच्या बाहेर, सावलीत थांबायचं. मुलांचेही पाय मोकळे होतात, आणि चालकाला दर दोन तासांनी पंधरा मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. पण गाडी पुढे गेली म्हणजे गाडीतली ट्यूबही पुढे गेली. म्हणून दोन ट्यूब, लिव्हर, पंप, आपल्या गिअरच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि चेन तोडायचं अवजार प्रत्येकाच्या अंगावर. जादा टायर आणि जादा चाक तेवढं गाडीत.

शरीराबद्दल तुम्ही थोडकंच बोललात, पण नेमकं बोललात. हँडलवर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूवर सतत भार राहिला की तिथली नस दबते, करंगळी आणि अनामिका बधिर होतात, आणि ती बधिरता कधी आठवडाभरही राहते. लग्नात लोक हात हातात घेतात, सह्या असतात, बटणं लावायची असतात. दर दहा मिनिटांनी पकड बदलायची. वसंतातली हवा गार असल्याने ऊन लागत नाही असं वाटतं, पण त्वचा भाजते ती हवेच्या तापमानाने नव्हे, सूर्याच्या कोनाने. मार्चअखेरचा सूर्य सप्टेंबरच्या मध्याइतकाच वर असतो. दर दोन तासांनी मलम लावलं नाही तर हातमोज्यांच्या रेषा लग्नाच्या प्रत्येक फोटोत येतात. दिवसभराने पाय सुजतात, तेव्हा लग्नाचे बूट घट्ट घेऊ नयेत.

परतीचं तुम्ही शेवटी सांगितलंत आणि आम्ही ते जवळजवळ ऐकलंच नव्हतं. लग्नाच्या रात्री, अंधारात, झोपाळलेल्या अवस्थेत सायकली चढवायच्या नाहीत. हँगर तेव्हाच वाकतात, पट्टे तेव्हाच राहतात. झोप काढून उजेडात चढवायच्या. आणि ज्याने दिवसभर सायकल मारली आहे त्याच्या हाती त्या रात्री गाडीची किल्ली द्यायची नाही.

पुढच्या आठवड्यात सगळ्या सायकली तुमच्याकडे आणतो. दोन चेन पुन्हा मोजून घ्यायच्या आहेत, आणि एका सायकलीच्या मागच्या पॅडवर मिलिमीटरभरसुद्धा माल उरलेला दिसत नाही. धुऊनच आणतो. चिखलासकट आणल्या की तुम्ही हात लावत नाही, हे आता पाठ झालं आहे.

आपले,
गाडीतले आणि सायकलवरचे, सगळे