लायब्ररीत शोधायला पण शिकवा

संपादक महोदय,
माझी भाची ठाण्यातल्या एका कॉलेजात एमए करतेय, प्रोजेक्टचा विषय ठाणे खाडीतली मासेमारी. लायब्ररी ओरिएंटेशन म्हणजे काय तर कार्ड कसं काढायचं, दंड किती, संपलं! मग ही मुलं अख्खा प्रश्न गूगलवर टाकून पहिली लिंक उचलतात नाहीतर चॅटजीपीटीला विचारतात, आणि त्याने दिलेले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, एक बरा प्रबंध मिळाला की त्याच्या मागची संदर्भसूची धरून पुढचे लेख सापडत जातात, हे मी दाखवलं तर भाची तासभर जागची हलली नाही. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स (संशोधनाची नियतकालिकं) खुली झालीत, पण शोधायचं कसं तेच येत नसेल तर काय उपयोग? ग्रंथपालांना हे सगळं येतं हो, त्यांना टाइमटेबलमध्ये तास द्या, पहिल्याच सेमिस्टरला, कम्प्युटरसमोर बसवून, मुलांच्या स्वतःच्या विषयावर.

- एक वाचक, कळवा