फ्लायबॅक सप्लाय चालू झाला, मनापासून आभार

घरी बांधलेला १२ व्होल्टचा फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग ती आउटपुटला सोडणारा पॉवर सप्लाय) आता पूर्ण लोडवर स्थिर चालतोय, आणि त्याचं श्रेय तुम्हा सगळ्यांचं. ज्या दादांनी आधी मेनच्या वायरीत ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायला सांगितलं, त्यांच्यामुळे मॉसफेट (सप्लायमधला स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) जास्तीच्या करंटपासून वाचला. ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट कोअरमध्ये (चुंबकीय गाभ्यात) गॅप हवीच, कारण बरीचशी ऊर्जा तिथेच साठते, हे इतक्या शांतपणे आजवर कुणी समजावलं नव्हतं. प्रायमरी (मेनकडची गुंडाळी) अर्धी खाली, अर्धी वर आणि मध्ये सेकंडरी (आउटपुटकडची), असं गुंडाळल्यावर मॉसफेटच्या ड्रेन पिनवरचा स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) ऑसिलोस्कोपवर डोळ्यांदेखत खाली आला! आउटपुटचा डायोड मात्र भाजेल इतका तापायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या काकांनी १०० व्होल्टचा शॉटकी (कमी तापणारा डायोड) आणि कमी ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर स्वतःहून शोधून दिला. काका, दादा, नावं विचारायची राहिली. तुमचे खूप खूप आभार.